चौथा गट

ज्या शुक्रवारी संघमित्रा वाघचौरेला आपला निकाल खोटा असल्याचं कळलं, नेमक्या त्याच दिवशी लॅबमध्ये तिच्यासाठी केक आणून ठेवला होता.

केक आणला होता रुचिराने. रुचिरा कांदिवलीची. तिच्याच शेजारच्या टेबलावर चार वर्षं काम करणारी, बोलायला फटकळ आणि कौतुक करायला त्याहून फटकळ. दहा दिवसांनी बंगळुरूला मोठी परिषद होती, आणि तिथे त्यांचे गाइड डॉ. अनिरुद्ध पळसुले संघमित्राच्या कामावर व्याख्यान देणार होते. पोस्टर नव्हे, व्याख्यान. अंधेरीतल्या त्या संशोधन संस्थेत तळमजल्याच्या लॅबला असा मान आजवर मिळाला नव्हता.

काम होतं फुफ्फुसाच्या कॅन्सरवर. बऱ्याच पेशंटच्या ट्यूमरमध्ये के-रास नावाचं एक जनुक बिघडलेलं असतं आणि ते पेशींना सतत ‘वाढा, वाढा’ असा हुकूम सोडत राहतं. घाटकोपरच्या घरी वडिलांनी, भाऊरावांनी, हे नेमकं काय असतं ते विचारलं होतं तेव्हा संघमित्राला बराच वेळ लागला होता सांगायला. भाऊराव बेस्टच्या डेपोत बसच्या ड्युट्या लावायचं काम करून रिटायर झालेले. सगळं ऐकून ते म्हणाले होते, “म्हणजे असं ना मित्रा, की मूळ ऑर्डर हेड ऑफिसात. तिची नक्कल निघते, ती डेपोत येते, मग गाडी सुटते. तू ऑर्डरला हात लावत नाहीस. नक्कल वाटेत फाडतेस.”

“अगदी तेच, बाबा.”

“मग गाडी सुटतच नाही.”

“हो. त्याला जनुक गप्प करणं म्हणतात.”

नक्कल फाडायचं काम करायचा आरएनएचा एक इवलासा तुकडा. त्याची अक्षरं त्या बिघडलेल्या नक्कलेशी तंतोतंत जुळायची. तो तुकडा चरबीच्या सूक्ष्म कणांत भरायचा, त्याचं धुकं करायचं, आणि ट्यूमर झालेल्या उंदरांना पेटीत बसवून ते हुंगवायचं. जानेवारीत केलेल्या प्रयोगात उंदरांचे तीन गट होते. एकाला नुसतं मीठपाणी, दुसऱ्याला रिकामे कण, तिसऱ्याला औषध. पहिल्या दोन गटांत प्रत्येक उंदराच्या फुफ्फुसात सरासरी चाळीसेक गाठी निघाल्या. औषधाच्या गटात एकोणीस.

चौथा गट राहून गेला होता. त्यात द्यायचा होता तसाच आरएनए, पण अक्षरं विस्कटलेला, कोणत्याच जनुकाशी न जुळणारा. त्याने काहीही होता कामा नये, आणि काही होत नाही हे दाखवलं तरच औषधाचा गुण खरा. पण तो माल कस्टममध्ये दोन महिने अडकून पडला, आणि सर म्हणाले की आहेत त्या गटांवर सुरुवात करू. नंतर माल आला तेव्हा संघमित्राने चारही गट घेऊन प्रयोग पहिल्यापासून लावला. सरांनी मान हलवली होती. “करून टाक. लेख तपासणारे मागतीलच.”

त्या शुक्रवारी सकाळी त्या चौथ्या गटाची मोजणी संपली. गाठी सरासरी बावीस.

तिने पुन्हा मोजल्या. एकवीस आणि काही.

“कापू का?” रुचिरा सुरी घेऊन मागे उभी होती.

“थांब.”

“काय झालं गं?”

संघमित्राने वही तिच्यापुढे सरकवली. रुचिराने आकडे वाचले आणि सुरी टेबलावर ठेवली. “वाट लागली,” ती हळूच म्हणाली. तिला समजावून सांगायची गरज नव्हती. ज्या तुकड्याला काही अर्थच नाही, त्यानेही गाठी निम्म्या केल्या होत्या. म्हणजे जनुक वगैरे काही गप्प झालंच नव्हतं. दुसरंच काहीतरी घडत होतं.

काय घडत होतं ते तिला दुपारी प्राण्यांच्या विभागात कळलं. तिथले नंदू घाडीगावकर अठ्ठावीस वर्षं उंदरांची देखभाल करत होते. मूळचे मालवणकडचे, राहायला बोरीवलीला, वडील गिरणीत होते. रोज सकाळी सात वाजता ते प्रत्येक पिंजऱ्यापुढे उभे राहायचे आणि ठरलेल्या तक्त्यात वजन लिहून झालं की समासात आपल्या मनाचं काहीतरी मराठीत लिहायचे. तो समास आजवर कोणी वाचला नव्हता. संघमित्रानेही नाही.

“नंदूकाका, औषध दिल्यावर ही उंदरं कशी असायची?”

“दोन गटांतली, मॅडम, आजारीच असायची. मी लिवलंय ना.” त्यांनी पानावर बोट ठेवलं. ‘पाठ वाकवून बसलेत. खाणं अर्धं. केस विस्कटलेले. दोन दिवसांनी बरे.’ औषधाचा गट आणि विस्कटलेल्या अक्षरांचा गट. दर खेपेला तेच. जानेवारीत चौथा गट नव्हता, पण औषधाच्या गटापुढे तेव्हाही हेच लिहिलेलं. “माका वाटला, औषधच तसा असात. कडक.”

ती तिथल्याच स्टुलावर बसली. उंदरांना ताप येत होता. बाहेरून आलेला आरएनए शरीराला विषाणूसारखा वाटत होता, शरीर खवळून उठत होतं आणि त्या धुमश्चक्रीत ट्यूमरलाही चार फटके बसत होते. बस, एवढंच.

सरांनी आकडे उभ्यानेच वाचले. मग चष्मा काढला.

“शरीर खवळतं आणि गाठी कमी होतात. हाही परिणामच आहे की.”

“हो सर. पण आपल्या व्याख्यानाचं नाव ‘जनुक गप्प करून’ असं आहे. ते खोटं आहे.”

“दहा दिवस राहिलेत संघमित्रा.”

“माहितीये, सर.”

“तुझी फेलोशिप एका वर्षात संपतेय, तेही माहितीये ना?”

“सर, मी हे बघितलंय. आता न बघितल्यासारखं नाही करता येणार मला.”

ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. “तू जा आता,” एवढंच म्हणाले. आवाजात राग होता, पण कोणावर ते तिला कळलं नाही.

केक तसाच राहिला. संध्याकाळी शेवटी रुचिराने तो प्राण्यांच्या विभागात आणि वॉचमनच्या केबिनमध्ये वाटून टाकला.

घरी आईने, लताबाईंनी, ताट वाढलं तरी संघमित्राचा हात पुढे जाईना. भाऊरावांनी टीव्ही बंद केला आणि तिला सगळं विचारून घेतलं. मग विचारलं, “खोटं होतं ते पकडलं कोणी?”

“मीच.”

“मग रडतेस कशाला? दुसऱ्याने पकडलं असतं तर रडायचं.”

“पाच वर्षं गेली ना बाबा.”

“गेली कुठे? तुझ्याजवळच आहेत,” लताबाई म्हणाल्या. “आधी जेव.”

सोमवारी सरांनी तिला बोलावलं. शनिवार-रविवार झोपले नसावेत. “स्लाइड बदल,” ते म्हणाले. “चौथा गट टाक. आणि नंदूच्या समासाचा फोटोही टाक.”

बंगळुरूच्या सभागृहात त्यांनी खरंच तसंच केलं. आधी तीन गटांचे आकडे दाखवले, हॉलमध्ये कुजबुज झाली, आणि मग म्हणाले, “माझ्या विद्यार्थिनीने चौथा गट केला. तो हा.” पुढची पंधरा मिनिटं त्यांनी आपलं कुठे चुकलं तेवढंच सांगितलं. चौथ्या रांगेत बसलेल्या संघमित्राला आपल्या कानांच्या पाळ्या गरम झाल्यासारख्या वाटत होत्या. जेवणाच्या रांगेत मागे दोघं जण हसत होते. “उंदरांना ताप आणायचं औषध शोधलंय म्हणे मुंबईने.”

त्यातल्या एकाचा आवाज तिने सकाळच्या व्याख्यानात ऐकला होता, तरी तिने मागे वळून पाहिलं नाही. भाताचं ताट घेऊन ती सरांसमोर जाऊन बसली.

“काय करायचं आता?” सरांनी विचारलं.

“आरएनएची काही अक्षरं रासायनिकरीत्या बदलता येतात सर. शरीराचा पहारा चुकवण्यापुरती. तुकडा नक्कलेशी जुळतो तसाच, पण परका वाटत नाही. बाकीच्यांनी यकृतासाठी हे केलंय. फुफ्फुसासाठी आपण करू.”

“किती दिवस लागतील?”

“माहीत नाही.”

“बरं झालं. माहीत आहे म्हणाली असतीस तर मला भीती वाटली असती.”

परतल्यावर तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे नंदूकाकांचा समास तक्त्यातच घेतला. आता रकान्यालाच नाव होतं, ‘निरीक्षण’. नंदूकाकांना त्याचं फार अप्रूप वाटलं. ते आता आणखी बारकाईने लिहू लागले. कोणता उंदीर चाक फिरवतो, कोणता कापसाचं घरटं करतो, कोणता नुसता कोपऱ्यात बसून असतो.

अक्षरं कुठली बदलायची ते ठरवण्यातच पावसाळा गेला. एक बदललं की पहारा चुकायचा, पण तुकडा कामच करेनासा व्हायचा. दुसरं बदललं की काम करायचा, पण पहारेकरी जागे. चौदाव्या तुकड्यावर दोन्ही जमलं. काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींमध्ये के-रासचं प्रथिन पाचात एक एवढंच उरलं, आणि रक्तातल्या पहारेकरी पेशी ढिम्म हलल्या नाहीत.

मग सहा उंदरांवर छोटी चाचणी. तिसऱ्या दिवशी नंदूकाका स्वतःच लॅबच्या दारात येऊन उभे राहिले. असं ते कधी यायचे नाहीत.

“मॅडम, मजेत हत. खातंत, खेळतंत. ताप नाय, काय नाय!”

पण फुफ्फुसांची तपासणी केली तेव्हा के-रासचं प्रथिन जसंच्या तसं. जितकं प्रथिन तितका काळा उमटणारा फिल्मवरचा पट्टा पहिल्याइतकाच काळा. आता ताप नव्हता आणि गुणही नव्हता.

त्या आठवड्यात संघमित्रा घाटकोपरहून मेट्रोने अंधेरीला यायची, टेबलावर बसायची आणि त्या पट्ट्याकडे बघत राहायची. एकदा तिने नंदूकाकांना विचारलं की सहा उंदरांना धुकं नीट मिळालं होतं ना. ते म्हणाले मिळालं होतं, पेटीची काच धूसर झाली होती. मग पिंजऱ्याची खूण चिकटवता चिकटवता ते म्हणाले, “माझा भाव यातच गेला मॅडम. मधुकर. रंगकाम करायचा. बिडी नाय, सिगरेट नाय, सुपारीसुद्धा नाय. एकेचाळीसाव्या वर्षी फुफ्फुसाचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, होतो कधी कधी.” खूण चिकटवून ते पुढच्या पिंजऱ्याकडे वळले. पण दुसऱ्या दिवशी ती नुसती बसून राहिली नाही.

तिने सगळ्या नोंदी टेबलावर पसरल्या आणि रुचिराला म्हणाली, “मी मूर्ख आहे असं समज, आणि विचार. काहीही विचार.”

रुचिराने चहाचा कप बाजूला ठेवला. “तुकडा चांगला आहे कशावरून?”

“बशीत चालला.”

“कण चांगले आहेत कशावरून?”

“मोजले. नव्वद नॅनोमीटर. सगळे एकसारखे.”

“कुठले मोजलेस?”

“म्हणजे? बाटलीतले.”

“उंदीर बाटली पितो का गं? तो धुकं हुंगतो. धुक्यातले कण मोजलेस का कधी?”

संघमित्रा उठली, बर्फाची पेटी ओढली, एक काचेची नळी त्यात खोचली आणि धुक्याच्या यंत्राचं तोंड नळीला लावलं. धुकं थंड नळीत शिरलं, आतून थेंब जमले. त्या थेंबांतले कण मोजायला वीस मिनिटं लागली.

स्क्रीनवर आकडा आला, चारशे ऐंशी.

“यार!” रुचिरा ओरडली.

कण यंत्रात तापत होते, एकमेकांवर आपटत होते, फुटत होते आणि रव्याच्या गुठळ्यांसारखे चिकटून बसत होते. त्यांच्यातला आरएनए वाटेतच सांडत होता. उंदरांना इतके दिवस मिळत होतं ते चरबीचं ओलं धुकं आणि सांडलेला आरएनए. जुना सांडलेलाही ताप आणायला पुरायचा, पण पेशींच्या आत कोणताच शिरत नव्हता.

“हसतेस काय?” रुचिराने विचारलं.

संघमित्रा खरंच हसत होती. दोन महिन्यांत पहिल्यांदा. “अगं, औषध फेल नाही गेलं. ते पोचलंच नाही!”

पुढचं काम कष्टाचं होतं, पण आता दिशा होती. त्यांनी न तापणारं, बारीक जाळीतून धुकं सोडणारं यंत्र आणलं. कण ज्या पाण्यात ठेवायचे ते पाणी बदलून बदलून पाहिलं. मीठ काढलं, साखर घातली, आंबटपणा कमी-जास्त केला. अकरा प्रकारचे द्राव झाले. दर वेळी नळी बर्फात, धुकं नळीत, थेंब यंत्राखाली. तीनशे. दोनशे साठ. मध्येच पुन्हा चारशे. बारावा द्राव लावला तेव्हा सरही येऊन उभे होते. आकडा आला एकशे चार. तिने तीनदा मोजला. एकशे चार, एकशे सहा, एकशे दोन. सर बाहेर गेले आणि कँटीनमधून सगळ्यांसाठी वडे घेऊन आले.

आता मोठा प्रयोग. अठ्ठेचाळीस उंदीर, बारा-बाराचे चार गट. या वेळी संघमित्राने एकच अट घातली. “कोणत्या गटाला काय दिलंय ते मला कळता कामा नये. रुचिरालाही नाही, सरांनाही नाही.”

“मग कळणार कोणाला?” सरांनी विचारलं.

“नंदूकाकांना.”

नंदूकाका आधी घाबरले. “माज्याकडून चूक झाली तर?”

“अठ्ठावीस वर्षांत एकदा तरी पिंजरा चुकलाय तुमच्याकडून?”

“नाय.”

“मग?”

तिने चार बाटल्या त्यांच्या ताब्यात दिल्या. त्यांनी त्या एकट्याने खोलीत नेल्या, औषध दुसऱ्या बाटल्यांत काढून त्यांना हिरवी, पिवळी, निळी आणि लाल अशा चिकटपट्ट्या लावल्या, कोणत्या रंगात काय ते कागदावर लिहिलं, पाकीट बंद केलं आणि चिकटवलेल्या जागी आडवी सही ठोकली. पाकीट ऑफिसच्या कपाटात कुलुपात गेलं. त्यानंतर दोन महिने ते असे गप्प राहिले की त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळावं म्हणून मुद्दाम विषय काढणारी रुचिरासुद्धा हरली.

मोजणी दोघींनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून केली, एकमेकींना न विचारता. फुफ्फुसाच्या पृष्ठभागावरच्या पांढऱ्या गाठी भिंगाखाली एकेक करून. मंगळवारी दुपारी दोघींचे आकडे शेजारी शेजारी मांडले. दोन-तीन गाठींचा फरक सोडला तर जुळत होते. हिरवा, त्रेचाळीस. पिवळा, एकेचाळीस. निळा, चव्वेचाळीस.

लाल, सात.

सात म्हणजे काय होऊ शकतं ते सगळ्यांना माहीत होतं, आणि काय होऊ शकत नाही तेही. लाल म्हणजे पुन्हा विस्कटलेली अक्षरं निघाली असती तर? किंवा नुसते रिकामे कण?

सरांनी पाकीट आणलं. नंदूकाकांना बोलावलं. त्यांनी हात धुतले, पुसले, सही शाबूत आहे ते सगळ्यांना दाखवलं आणि पाकीट फोडलं. कागद हातभर लांब धरून ते वाचू लागले, तलाठी सातबारा वाचतो तसे संथपणे.

“हिरवा. रिकामे कण.”

संघमित्राने ‘हिरवा’पुढे लिहिलं.

“पिवळा. मीठपाणी.”

लिहिलं. आता दोनच उरले होते. निळा आणि लाल. औषध आणि विस्कटलेली अक्षरं. सरांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

“निळा,” नंदूकाका म्हणाले आणि चष्मा सारखा केला. “निळा... विस्कटलेला.”

लाल वाचायची गरजच राहिली नाही. रुचिराने जी किंकाळी मारली ती वरच्या मजल्यावर गेली, आणि वरचे लोक आग लागली म्हणून खाली धावले. सर खुर्चीत बसले आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवून हसत सुटले. नंदूकाका मात्र गडबडले नाहीत. कागद हातात धरूनच होते. “लाल. औषध,” त्यांनी नेमून दिल्यासारखं पूर्ण वाचलं, आणि मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

संघमित्राला आधी खात्री करून घ्यायची होती. तिने वजनांचा तक्ता ओढला. लाल गटातल्या बाराही उंदरांची वजनं शेवटपर्यंत सारखी. निरीक्षणाच्या रकान्यात रोज एकच शब्द होता, ‘मजेत.’ मग तिने प्रथिनाची फिल्म काढली. हिरव्याचा पट्टा काळा, पिवळ्याचा काळा, निळ्याचा काळा. लालच्या जागी इतकी पुसट रेघ की दिव्यासमोर धरावी लागली. हुकूम होता तिथेच होता. नक्कल फाटली होती.

तेव्हा कुठे तिला हुंदका फुटला, आणि ती रुचिराच्या गळ्यात पडली.

तिने घरी फोन लावला. लताबाईंनी उचलला.

“आई, झालं.”

“काय झालं? बरी आहेस ना?”

“गाठी गेल्या आई. उंदरांच्या. चाळिसाच्या सात झाल्या. खऱ्या. आता खरंच खऱ्या.”

पलीकडे लताबाईंनी फोन छातीशी धरून ओरडून भाऊरावांना सांगितलेलं तिला ऐकू आलं, “अहो, गाडी सुटली नाही! मित्रानं अडवली गाडी!” आणि मग भाऊरावांचा आवाज, “किती? सात? सातच?”

सर मात्र एवढ्यावर थांबले नाहीत. एकदा ठेच लागलेला माणूस ते. त्यांनी तुकडा, कण आणि बाराव्या द्रावाची कृती दुसऱ्या शहरातल्या एका लॅबला पाठवली. ते लोक ओळखीचे नव्हते, मैत्रीतले नव्हते. उलट बंगळुरूला जेवणाच्या रांगेत हसणाऱ्यांपैकी एक जण तिथलाच होता, आणि सरांनी मुद्दाम तीच लॅब निवडली. “त्यांनाही तसंच निघालं तर कोणी तोंड उघडणार नाही,” ते म्हणाले.

साडेतीन महिने गेले. मेल आली तेव्हा संघमित्रा हातमोजे घालून काम करत होती. रुचिराने तिच्या स्क्रीनवरून मोठ्याने वाचून दाखवली. त्यांचे आकडे होते अडतीस, चाळीस, एकोणचाळीस आणि नऊ. खाली त्या हसणाऱ्या माणसाने स्वतः लिहिलं होतं, ‘अभिनंदन. आमच्या विद्यार्थ्यांना धुकं मोजायची पद्धत शिकवायला तुम्ही येऊ शकाल का?’

“जाशील?” रुचिराने विचारलं.

“जाईन की. आपण दोघी जाऊ. प्रश्न तुझा होता.”

लेख लिहायला बसले तेव्हा नावांचा प्रश्न आला. संघमित्राचं पहिलं, रुचिराचं दुसरं, सरांचं शेवटी. सर म्हणाले, “मध्ये एक राहिलंय.” संघमित्रा तेच सांगायला आली होती. ताप नंदूकाकांनी आधी पाहिला, रंग त्यांनी ठरवले, दोन महिने गुपित त्यांनी सांभाळलं. ऑफिसातून विचारणा झाली, की प्राण्यांच्या विभागातल्या माणसाचं नाव लेखकांमध्ये कसं काय. सरांनी दोन ओळींचं उत्तर पाठवलं, “निरीक्षण त्यांचं आहे. ते नसतं तर आम्ही खोटं छापलं असतं.”

लेख छापून आला त्या रविवारी दोघी मैत्रिणी त्याची प्रत घेऊन बोरीवलीला गेल्या. नंदूकाकांची सोसायटी नॅशनल पार्कच्या बाजूला होती, तिसरा मजला, दारात तुळस. त्यांची बायको मालनकाकू घावणे घालत होत्या. खोबऱ्याची चटणी, काळ्या वाटाण्याची उसळ. रुचिराने चार घावणे संपवले आणि पाचव्याला नको म्हणाली नाही.

खाऊन झाल्यावर नंदूकाकांनी विचारलं. बहुतेक खूप दिवस विचारायचं होतं त्यांना.

“मॅडम, ह्यां माणसाक कधी गावतला?”

संघमित्राने हात पुसले. गोड काहीतरी सांगता आलं असतं. “लगेच नाही, काका. आता मोठ्या प्राण्यांत बघायचं, अपाय होत नाही ना. ते काम सुरू झालंय, फेलोशिप वाढवून मिळालीय, मीच करणार आहे. मग थोड्या पेशंटना, मग जास्त. सगळं सरळ झालं तरी सात-आठ वर्षं. मध्ये अडूही शकतं. माणसाचं फुफ्फुस उंदरासारखं नसतं.”

“सात-आठ वर्षां,” नंदूकाका म्हणाले. भिंतीवर मधुकरचा फोटो होता. त्यांनी तिकडे पाहिलं नाही, संघमित्राकडेच पाहिलं. “पण होता ह्यां खरां ना? गप होता ना तां?”

“होतं. दोन शहरांत झालं. आता ते कोणाला नाही म्हणता येणार नाही.”

“मग झालां,” ते म्हणाले आणि मांडीवर थाप मारली. “सुरू झालां म्हणजे होतला. मी रिटायर व्हायच्या आदी मोठ्या प्राण्यांचा पण लिवतंय.”

मालनकाकूंनी कागद हातात घेतला. सगळं इंग्रजी, बारीक टाइप. त्यांनी तो उलटसुलट केला. “यात तुमचा नाव खंय?”

नंदूकाकांना शोधावं लागलं नाही. सकाळीच मोबाइलवर त्यांनी ते इतक्या वेळा पाहिलं होतं. त्यांनी बोट ठेवलं. नंदकुमार सोनू घाडीगावकर. तिसरं नाव.

“मोठ्यान वाचा,” काकू म्हणाल्या.

त्यांनी वाचलं. एकदा, आणि मग शेजारच्या खोलीतून सूनबाई बाहेर आली म्हणून पुन्हा एकदा, आणखी मोठ्याने.